बारा सेंटांचं कॉमिक आणि त्याचे मालक

'ब्लू बीटल'च्या पाचव्या अंकावर नोव्हेंबर 1968 ही तारीख आहे. गोष्ट रंगते एका शिल्पाभोवती. शिल्पाचं नाव 'अवर मॅन', म्हणजे आपला माणूस. खांदे पडलेले, पाठ वाकलेली, छातीत हृदयाच्या जागी पोकळी. बोरिस ईबार नावाचा कलासमीक्षक जमलेल्या लोकांना समजावून सांगतो की आजचा माणूस हा असाच आहे, दुबळा आणि गोंधळलेला. त्याला वीर म्हणून दाखवणं म्हणजे थाप मारणं. हे ऐकून एका तरुणाच्या मनात असं काही पेटतं की तो त्याच शिल्पाचा वेष चढवतो आणि वीरपुतळे फोडत सुटतो. त्याला आवरायला निळ्या पोशाखातला ब्लू बीटल येतो. त्याच अंकात 'द क्वेश्चन' या दुसऱ्या नायकाची छोटी गोष्ट आहे, आणि हा समीक्षक तिथेही आहेच.

कला माणसाला कसं दाखवते आणि त्याने माणूस कसा घडतो, यावर हा सगळा वाद. तोही बारा सेंटांच्या कॉमिकमध्ये, शाळकरी मुलांसाठी, हाणामाऱ्यांच्या मधल्या जागेत. ज्या कंपनीने हे छापलं तिला या वादाशी काडीचंही देणंघेणं नव्हतं.

गोष्ट लिहिणारा-काढणारा माणूस म्हणजे स्टीव्ह डिट्को. 1962 मध्ये स्टॅन लीबरोबर ज्याने स्पायडरमॅन उभा केला, आणि 1966 मध्ये त्या यशाच्या ऐन भरात मार्व्हल सोडून जो निघून गेला, तो. डिट्कोवर आयन रँड या अमेरिकी लेखिकेच्या विचारांचा पगडा होता. चांगलं आणि वाईट यांच्यात मधली करडी जागा नसते, वीर हा वीरच असला पाहिजे, दुबळेपणाला सहानुभूती दाखवणारी कला माणसाला खाली ओढते, असं त्याचं ठाम मत. मला ते मान्य नाही. ईबारची बाजू डिट्कोने मुद्दाम फुसकी करून मांडलीय, आणि खांदे पडलेल्या माणसाचं शिल्प बघून कुणी पुतळे फोडायला निघत नाही. पण हा अंक आवडायला त्याचं म्हणणं पटावं लागत नाही. कीर्तनकाराचा पूर्वरंग न पटताही माणसं उत्तररंगाला बसून राहतात, तसंच हे.

कारण डिट्को चित्रातून विचार करतो. ब्लू बीटलकडे, म्हणजे टेड कोर्ड या संशोधकाकडे, कसलीही अचाट शक्ती नाही. डोळे दिपवणारी एक बंदूक, भुंगेऱ्याच्या आकाराचं एक उडतं यंत्र आणि कसरतपटूचं अंग, एवढंच त्याचं भांडवल. त्यामुळे मारामारी म्हणजे दणके मोजणं राहत नाही. कोण कुठल्या पायावर उभा आहे, तोल कुणाचा गेलाय, हात कुठून येतोय हे प्रत्येक चौकटीत कळतं. यंत्रातून दोरीला लोंबकळत उतरणारा बीटल पाहिला की दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस कोळ्याच्या जाळ्यावरून झुलणारा पोरगा काढत होता हे लगेच लक्षात येतं. खलनायक मात्र उलटा. तो ढिला, लोंबणारा, हाडं नसल्यासारखा. दोन शरीरांमधला हा फरक म्हणजेच गोष्टीतला वाद. फुग्यांमधले संवाद झाकले तरी तो समजतो. संवाद झाकले तर जरा बरंच वाटतं, कारण डिट्कोची पात्रं भाषण द्यायला बसली की उठत नाहीत.

क्वेश्चनचं तर आणखी नवल. व्हिक सेज हा टीव्हीवरचा पत्रकार चेहऱ्यावर एक मुखवटा चढवतो, आणि त्या मुखवट्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. सपाट कातडी. कॉमिकच्या चित्रकाराचं निम्मं काम चेहऱ्यावर होतं. डिट्कोने ते अवजारच स्वतःपासून काढून घेतलं. राग, तिरस्कार, थंडपणा, सगळं टोपी किती झुकली आहे, कोटाची कॉलर कशी उभी आहे आणि हाताची बोटं काय करताहेत यावरून दाखवायचं. ऑक्टोबर 1968 च्या 'मिस्टेरियस सस्पेन्स'च्या एकमेव अंकात क्वेश्चनची एकच लांब गोष्ट आहे. तिच्यात सेज जाहिरातदारांच्या दबावापुढे वाकत नाही आणि स्वतःच्याच वाहिनीतल्या सहकाऱ्यांशी झगडतो. सुपरहिरोच्या पोशाखापेक्षा टीव्ही स्टेशनच्या बैठका जास्त जागा खातात. हे कुठल्याही मोठ्या कंपनीतल्या संपादकाने 1968 साली छापलं असतं असं मला वाटत नाही.

मग छापलं कुणी? चार्लटन कॉमिक्सने. कनेटिकट राज्यातलं डर्बी नावाचं लहान गाव, आणि तिथल्या एका मोठ्या इमारतीत सगळं एकाच छपराखाली: संपादन, छपाई, वितरण. न्यूयॉर्कमधल्या कंपन्या छपाई बाहेरून करून घेत. चार्लटनकडे स्वतःचं यंत्र होतं. कंपनीचा मुख्य धंदा होता लोकप्रिय गाण्यांचे शब्द छापणाऱ्या मासिकांचा. संस्थापक जॉन सांतांजेलो हा इटलीहून आलेला गवंडी. परवानगी न घेता गाण्यांचे शब्द छापून विकल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. तिथे एड लेव्ही या वकिलाशी त्याची ओळख झाली आणि दोघांनी मिळून रीतसर धंदा सुरू केला. दोघांच्याही मुलांचं नाव चार्ल्स, म्हणून कंपनी चार्लटन. कॉपीराइट मोडल्याबद्दल आत गेलेल्या माणसाच्या कंपनीतली पात्रं आज जगातल्या सगळ्यात जपल्या जाणाऱ्या कॉपीराइटपैकी काहींच्या यादीत बसली आहेत. यातली गंमत मी वाचकांवर सोडतो.

छपाईचं यंत्र थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं महाग, म्हणून ते रात्रंदिवस चालू ठेवायचं. गाण्यांच्या मासिकांमधून उरलेला वेळ भरायला कॉमिक्स. हाच कॉमिक्स विभागाचा हिशोब. 1955 च्या ऑगस्टमध्ये नॉगटक नदीला महापूर आला, कारखाना पाण्याखाली गेला, आणि त्यानंतर आधीच कमी असलेले पानामागचे दर आणखी खाली आले. या धंद्यात सगळ्यात कमी पैसे देणारी कंपनी म्हणून चार्लटनची ख्याती होती. जो गिल हा लेखक टाइपरायटरवर युद्धकथा, प्रेमकथा, काउबॉयच्या गोष्टी, शर्यतीच्या मोटारींच्या गोष्टी असं काहीही पाडत असे, कारण पानाला मिळणारे डॉलर इतके थोडे की पोट भरायचं तर वेग हाच उपाय. फुग्यांमधली अक्षरं हाताने लिहून घेणंही परवडेना, तेव्हा मोठ्या टाइपरायटरवर ती टंकली आणि श्रेयनामावलीत अक्षरकार म्हणून 'ए. मशीन' असं नाव टाकलं. 'थंडरबोल्ट' हा नायक रचणारा पीट मॉरिसी न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात नोकरीला होता. जोडधंदा उघड होऊ नये म्हणून तो चित्रांवर फक्त 'पॅम' अशी आद्याक्षरं टाकायचा. रंग जागेवरून सरकलेले, कडा वाकड्या कापलेल्या, कागद असा की मागच्या पानाची सावली पुढे यायची.

आपल्याकडे वेताळच्या, म्हणजे फँटमच्या, गोष्टी वाचून वाढलेल्यांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. 1969 ते 1977 या काळात अमेरिकेतली वेताळची कॉमिक्स याच डर्बीच्या यंत्रातून निघत होती. सुरुवातीच्या काळात ती जिम अपारो काढत होता, आणि शेवटच्या अंकांपैकी डॉन न्यूटनने काढलेले अंक वेताळप्रेमी आजही मन लावून शोधतात.

चार्लटनबद्दल प्रेमाने लिहिणारे बहुतेक जण एका वाक्यावर येऊन थांबतात: पैसे कमी होते, पण स्वातंत्र्य होतं. डिट्को मार्व्हलहून तिकडे गेला याचं कारणही हेच सांगतात, आणि ते खरंच आहे. तिथे त्याच्या पानाला कुणी हात लावत नसे. पण हे वाक्य फार गोड करून सांगितलं जातं. मालकांना कॉमिकमध्ये काय छापलंय याची फिकीर नव्हती, म्हणून कुणी ढवळाढवळ केली नाही. अशी बेफिकिरी डिट्कोसारख्या एखाद्याला फळते, कारण त्याला काय करायचं आहे हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. गिलसारख्या दहा जणांना ती दमवून टाकते. चार्लटनचा बहुतेक माल सुमार होता, आणि तो सुमार का होता याचं उत्तर दरपत्रकात आहे. कमी दर हा काही कलेचा खुराक नव्हे. आजही पाना-पानावर, शब्दा-शब्दावर काम करून घेणारे लोक 'तुम्हाला इथे मोकळीक मिळेल' असं म्हणतात तेव्हा मला डर्बी आठवतं.

1965 मध्ये डिक जिओर्डानो संपादक झाला आणि त्याने सुपरहिरोंची एक छोटी फळी उभी केली. 'अॅक्शन हिरोज' हे तिचं नाव. कॅप्टन अॅटम, जो डिट्को आणि गिल यांनी 1960 मध्येच रचला होता. नवा ब्लू बीटल. क्वेश्चन. मॉरिसीचा थंडरबोल्ट. जूदोमास्टर. शांततेवर इतकं प्रेम की तिच्यासाठी लढायला तयार असलेला पीसमेकर, जो गिल आणि पॅट बॉयेट यांचा. यातल्या बऱ्याच जणांकडे जादूई शक्ती नव्हती. ही फळी जेमतेम दोन-तीन वर्षं टिकली. विक्री बेताची, मालकांचं लक्ष दुसरीकडे. 'ब्लू बीटल'चा चौथा अंक डिसेंबर 1967 चा आणि पाचवा जवळपास वर्षभराने आलेला. तोच शेवटचा. 1968 मध्ये जिओर्डानो डीसी या मोठ्या कॉमिक कंपनीत गेला आणि अपारो, डेनी ओ'नील, स्टीव्ह स्कीट्स यांच्यासारखी माणसंही त्याच्यामागून तिकडे गेली.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 1983 च्या सुमाराला डीसीने ही पात्रं चार्लटनकडून विकत घेतली. अॅलन मूर या ब्रिटिश लेखकाने त्यांना घेऊन एक कॉमिक मालिका योजली. पात्रं कायमची मोडतील म्हणून जिओर्डानोनेच, तेव्हा तो डीसीत मोठ्या पदावर होता, नवी पात्रं बनवायला सांगितलं. त्यातून 1986-87 चं 'वॉचमेन' झालं. क्वेश्चनचा रॉरशाख, कॅप्टन अॅटमचा डॉक्टर मॅनहॅटन, ब्लू बीटलचा नाइट आउल, पीसमेकरचा कॉमेडियन, थंडरबोल्टचा ओझिमँडियस.

आणि इथेच चार्लटनचं कौतुक संपतं. 'वॉचमेन'चा कच्चा माल, बस्स. विद्यापीठातले निबंध असोत की मासिकातला लेख, ब्लू बीटलला दोन ओळींची तळटीप मिळते, तीही थोरल्या पुस्तकाचा उगम सांगण्यासाठी. 'वॉचमेन' थोर आहे, त्यात वाद नाही. पण रॉरशाख हे क्वेश्चनला दिलेलं उत्तर आहे, डिट्कोच्या काळ्या-पांढऱ्या न्यायाची मूरने केलेली टिंगल आणि थोडी कीवसुद्धा. मूळ प्रश्न न वाचता फक्त उत्तर वाचणाऱ्यांना डिट्को म्हणजे एक सणकी माणूस एवढंच कळतं. 1968 च्या त्या अंकात वीराच्या बाजूने जे बोललं गेलं ते पूर्ण ताकदीने, चित्राच्या ताकदीने बोललं गेलं होतं. ते आधी तसंच ऐकून घ्यावं आणि मग खोडावं, एवढी माफक अपेक्षा आहे.

ते ऐकायचं कुठे, हा मात्र आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. तो सार्वजनिक होतो.

1968 साली हा अंक निघाला तेव्हाचा अमेरिकी कायदा असा होता: प्रकाशनापासून 28 वर्षं हक्क, आणि नूतनीकरणाचा अर्ज केला तर आणखी 28. म्हणजे चार्लटनने ज्या अटींवर हे छापलं, त्यांनुसार हा अंक 1996 मध्ये, किंवा फार तर 2024 मध्ये सगळ्यांचा व्हायला हवा होता. पुढे संसदेने मुदत आधी 75 आणि 1998 मध्ये 95 वर्षांवर नेली, आणि 1964 पासूनच्या कामांचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठरवलं. आता 'ब्लू बीटल'चा पाचवा अंक 2063 संपेपर्यंत बंद आहे. वाढवलेल्या वर्षांमुळे 1968 मध्ये कुणी एक रेघही जास्त काढली नाही. ते शक्यही नव्हतं. जुन्या पद्धतीत मालकाला एकदा तरी उठून अर्ज भरावा लागे, आणि 1960 च्या आसपास अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने जो अभ्यास केला त्यात नूतनीकरण होणाऱ्या नोंदींचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आत भरलं. उरलेल्या कामांच्या मालकांना आपल्या मालाची आठवणही नव्हती, किंवा त्यात काही दम आहे असं वाटत नव्हतं. नव्या कायद्याने ही आठवण ठेवायची अटच काढून टाकली.

यावर उत्तर तयार असतं: डीसीने हे पुन्हा छापलं की. छापलं. 2004 आणि 2007 मध्ये 'अॅक्शन हिरो आर्काइव्ह्ज'चे दोन जाड, महागडे खंड निघाले आणि त्यातले बरेचसे डिट्को तिथे आहेत. मालकाने मनावर घेतलं तर काम चांगलं होतं, हे मान्य. पण पुन्हा काय निघेल आणि कधी, हे ठरवतं पात्राचं बाजारातलं वजन. पीसमेकरवर 2022 मध्ये टीव्ही मालिका आली, ब्लू बीटलच्या नावाचा चित्रपट 2023 मध्ये आला. पात्रं चालतात, म्हणून कधीतरी त्यांची जुनी पानंही चालवली जातात. ज्यांच्यात चित्रपट दिसत नाही त्यांचं काय? गिलच्या युद्धकथा, मोटारींच्या गोष्टी, बॉयेटच्या भयकथा डीसीने विकत घेतल्याच नव्हत्या, त्यांना फक्त पोशाखवाले हवे होते. आणि देखण्या खंडातसुद्धा मूळ अंकातल्या जाहिराती नसतात, वाचकांची पत्रं नसतात. त्या कागदावर, त्या सरकलेल्या रंगात, गाण्याच्या मासिकांच्या फटीत हा अंक काय होता, ते कळत नाही.

दुसरं उदाहरण बघा, म्हणजे मी कायद्याला उगाच दोष देतोय का ते ठरवता येईल. फॉक्स नावाची एक कंपनी होती. मूळ ब्लू बीटलही 1939 मध्ये तिनेच काढला होता. तिच्या अंकांत फ्लेचर हँक्स नावाचा चित्रकार 1939 ते 1941 एवढीच काही वर्षं 'स्टारडस्ट' नावाच्या नायकाच्या गोष्टी काढून गेला. त्या विलक्षण भीतिदायक, ओबडधोबड आणि दुसऱ्या कुणाशीही साम्य नसलेल्या गोष्टी आहेत. स्टारडस्ट गुन्हेगारांना पकडून तुरुंगात टाकत नाही, त्यांचं उंदरात किंवा नुसत्या डोक्यात रूपांतर करून टाकतो. या गोष्टींचे हक्क कुणी नूतन केले नाहीत. त्या मोकळ्या झाल्या. म्हणून 2007 मध्ये पॉल करासिक या चित्रकाराला त्या जमवून एक संग्रह काढता आला, आणि पुढच्या वर्षी त्याला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. हँक्सचे हक्क एखाद्या मोठ्या कंपनीच्या कपाटात असते तर? तिला स्टारडस्टमध्ये विकण्यासारखं काही दिसलं असतं असं मला तरी वाटत नाही. मोठ्या कंपन्यांचा ठेवा त्यांच्या वकिलांनी जपला. लहान कंपन्यांचा जो काही वाचला तो बराचसा कायद्यातल्या विसरभोळेपणाच्या जागेमुळे आणि अंक स्कॅन करत बसलेल्या हौशी वाचकांमुळे. ती जागा 1964 पासूनच्या कामांसाठी बुजवली गेली आणि चार्लटनचे अॅक्शन हिरो नेमके त्या रेषेपलीकडे पडले.

कलाकारांचं पोट मारलं जाईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण इथे कलाकाराला मिळालं काय ते बघायला हवं. पानामागे ठरलेले डॉलर, एकदा. त्यानंतर पात्रं विकली गेली ती मालकांमध्ये. अमेरिकी कायद्याने 1978 पूर्वी हक्क विकलेल्यांना 56 वर्षांनी ते परत मागायची सोय ठेवली आहे, पण कंपनीने सांगून करवून घेतलेल्या कामाला ती लागू होत नाही. डिट्कोच्या वारसांनी 2021 मध्ये स्पायडरमॅनसाठी ही सोय वापरायचा प्रयत्न केला, मार्व्हल कोर्टात गेलं आणि 2023 च्या अखेरीला समझोता झाला. चार्लटनच्या फळीतल्या एकाच नायकाचे हक्क पुढे निर्मात्याच्या घरी आले: मॉरिसीच्या थंडरबोल्टचे. पोलिसातल्या त्या माणसाने सहीत नाव लपवलं, पण हक्क सोडला नाही. बाकीच्यांच्या बाबतीत मुदत वाढवून संरक्षण मिळालं ते मूळ हाताला नाही, नंतरच्या खरेदीदाराला.

मला काय हवं आहे ते सरळ सांगतो. प्रकाशनाला 56 वर्षं झाली, आणि मालकाने गेल्या दहा वर्षांत काम उपलब्ध ठेवलेलं नाही, तर ग्रंथालयांना ते पूर्ण अंकासकट, जाहिरातींसकट लोकांपुढे ठेवता यावं. पात्रावर नवे चित्रपट काढायचा हक्क मालकाकडेच राहू दे, त्याची मला पर्वा नाही. ही काही हवेतली कल्पना नव्हे. युरोपीय संघाच्या 2019 च्या कॉपीराइट निर्देशात बाजारातून नाहीशा झालेल्या कामांसाठी अशी वाट ठेवलेली आहे, ग्रंथालयं, संग्रहालयं आणि अभिलेखागारांसारख्या संस्थांपुरती. मालकाला नको असेल तर त्याने कळवावं आणि बाहेर पडावं. उठायची जबाबदारी पुन्हा मालकावर, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या 1957 च्या कायद्यातही 31 वं कलम आहे. मालकाने पुन्हा छापायला नकार दिल्यामुळे काम लोकांना मिळेनासं झालं असेल, तर योग्य मोबदला ठरवून दुसऱ्याला परवाना देता येतो. 2012 पर्यंत ते भारतीय कामांपुरतं होतं, मग ती अट निघाली. कलम चांगलं आहे, पण वाट वकिलाच्या दारातून जाते. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथपालाने मालक शोधायचा, त्याच्याकडून नकार मिळवायचा आणि मग जुन्या मासिकाच्या चार अंकांसाठी दाद मागायला उभं राहायचं, हे होणं कठीण.

आणि गरज आपल्याला कमी आहे का? इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झाली, 1990 मध्ये बंद पडली. तिचे मराठी अंक आज मिळतात ते बहुतेक रद्दीतून आणि संग्राहकांकडून, किंमत ते सांगतील ती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले, त्यांतल्या मोजक्याच पुन्हा छापल्या गेल्या. ते 1996 मध्ये गेले, म्हणजे आपल्या साठ वर्षांच्या नियमाने 2056 संपेपर्यंत उरलेल्यांना मालकाच्या मर्जीवर थांबायचं. तोवर तो कागद टिकणार नाही. पातळ, पिवळा, घडीवर तुटणारा कागद आहे तो, डर्बीसारखाच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, टेड कोर्डच्या 'ब्लू बीटल'च्या पहिल्या अंकाच्याच वर्षीचा. वाचनालयांनी तेव्हापासून कादंबऱ्या जपल्या, दिवाळी अंकही बऱ्यापैकी जपले. रहस्यकथा मात्र फाटेपर्यंत फिरवल्या आणि फाटल्या की नोंदवहीतून कमी केल्या. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कॉमिक्सचा जो प्रचंड संग्रह केला आहे त्यात काय चांगलं, काय वाईट हे आधी ठरवत बसले नाहीत. सगळं ठेवलं. कशात काय सापडेल हे नंतर येणाऱ्यांवर सोडलं.

या सगळ्या मांडणीला सगळ्यात कडक विरोध कुणी केला असता तर तो डिट्कोनेच. मालमत्तेचा हक्क त्याच्या दृष्टीने अढळ होता. 'ग्रंथालयांना वाटतं म्हणून' कुणाच्या मालकीला हात लावणं हे त्याने काळ्या चौकोनात टाकलं असतं, मधली जागा नाहीच. मी वर जे कलम सुचवलं त्यावर त्याने बहुधा एक बिनचेहऱ्याचा माणूस पाठवला असता. पण त्याच डिट्कोने 1967 मध्ये आणखी एक नायक काढला, क्वेश्चनचाच अधिक कडवा भाऊ, 'मिस्टर ए'. तो त्याने चार्लटनला दिला नाही. वॉली वुड या चित्रकाराच्या 'विटझेंड' या छोट्या मासिकात, जिथे हक्क चित्रकाराकडे राहत, तिथे दिला. पुढे मिस्टर एच्या गोष्टी तो लहान-लहान प्रकाशकांकडे आणि नंतर रॉबिन स्नायडर या संपादकाबरोबर स्वतःच छापत राहिला. काळ्या-पांढऱ्या, साध्या पुस्तिका, मूठभर वाचकांसाठी. मुलाखती देणं त्याने कधीच सोडलं होतं, पण नव्या-जुन्या पानांची ही छपाई 2018 मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत चालू होती.